स्लावाला कुणी बोलावत नसतं

मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास मी बेओग्रादच्या काराबुर्मा भागातल्या एका अकरा मजली इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभा होतो. आत नव्हे, डोक्यावर. एकोणतीस वर्षं माझं कामच ते आहे. लिफ्ट तपासायची आणि कागदावर सही करायची की अजून एक वर्ष हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. हातात बॅटरी होती, नजर पोलादी दोरावर होती, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या काळोखात ग्रीसचा वास कोंडला होता, आणि खिशातला फोन थरथरला. काढून पाहिला. ‘दोब्रिला यांना तुमचं बोलावणं पोचलं आहे,’ फोन म्हणत होता. ‘प्रसंग: स्लावा. तारीख: १९ डिसेंबर. वेळ: संध्याकाळी सहा. उत्तर आलं की कळवू.’ आणि त्याखाली दोनच मिनिटांनी आलेला तिचा स्वतःचा निरोप. ‘रातो, मला बोलावणं?’ एवढाच. मी बॅटरी विझवली. का विझवली ते सांगता येणार नाही. तिथे मला बघायला होतंच कोण, तो दोर. पण त्यानेही त्या क्षणी माझ्याकडे बघू नये असं वाटलं.

स्लावाला कुणी बोलावत नसतं. लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात, कुणी गेलं तर दारावर कागद चिकटवून कळवतात. पण घराच्या संताचा दिवस आला की दार नुसतं लोटलेलं असतं आणि ज्याला यायचं तो येतो. एकदा आला तो दरवर्षी येतो. एखाद्या वर्षी आला नाही तर कारण त्याने सांगायचं, आपण विचारायचं नाही. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात कुणाला ‘या हं’ म्हटलं नाही. “बोलावलं की माणूस परका झाला,” ते म्हणत. “आपल्या माणसाला माहीत असतं.” मरायच्या आधी दोन वर्षं त्यांनी संत निकोलाची तसबीर, पितळी मेणबत्तीदाणी आणि तो दिवस माझ्या स्वाधीन केला, कारण स्लावा बापाकडून मुलाकडे जाते आणि मुलगा मी एकटाच. आणि त्या मुलाने काय केलं, तर बोलावणं धाडलं. तेही दोब्रिलाला, जिने सत्तावीस वर्षं त्या दिवसाचा स्वयंपाक केला. वर तीन बटणं जोडून. हो, नाही, कदाचित.

तिच्यासाठी अजून माझ्या तोंडात बायको हाच शब्द येतो. कोर्टाने सप्टेंबरात तो शब्द काढून घेतला, पण जिभेला कोर्टाचा कागद कोण वाचून दाखवणार. मार्चमध्ये ती गेली. भांडण नव्हतं. दुसरं कुणी नव्हतं, निदान मला दिसेल असं नव्हतं. फेब्रुवारीत एकदा जेवणाच्या टेबलाशी ती म्हणाली, “रातो, मी दमले.” मी म्हणालो, “मग जरा पड जाऊन.” ती हसली, थोडा वेळ हसतच राहिली, मीही हसलो, आणि तीन आठवड्यांनी ती नदीपल्याड नोवी बेओग्रादला मावशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. कोट नेले, शिवणयंत्र नेलं, तिच्या आईचं घड्याळ नेलं. कोर्टात फ्रिज कुणाचा ते विचारलं, गाडी कुणाची ते विचारलं. ॲपचं कुणी विचारलं नाही.

त्या ॲपपासूनच सगळं सुरू झालं. साथीच्या साली सगळं जग दारं लावून बसलं होतं तेव्हा दोब्रिलाने तिच्या तेलकट वहीतल्या पाककृती बोटाने टोचून टोचून त्यात घातल्या. एकशे बासष्ट. आठवड्याचं जेवण काय, बाजारातून काय आणायचं, सगळं त्यात. माझ्याही फोनवर ते होतं, म्हणजे मला यादी दिसायची. मी दूध आणलं की दुधावर रेघ मारायचो आणि घरकामात हातभार लावल्याचं समाधान मानायचो. मार्चनंतर मी त्यातूनच शिजवायला लागलो. घेवड्याची उसळ, बटाट्याचं कालवण, कोबीत गुंडाळलेला भात. ऑक्टोबरात इस्क्राचा फोन आला. इस्क्रा आमची मुलगी, नोवी सादला असते, आणि आम्ही दोघं वेगळे झाल्यापासून आम्हाला वारांच्या हिशेबाने फोन करते. सोमवार आईचा, गुरुवार माझा.

“बाबा, आईचं ते ॲप बंद होतंय. एकतीस डिसेंबरला. कंपनीनेच कळवलंय.”

“कुठलं ॲप?”

“ज्याच्या जिवावर तू मार्चपासून जिवंत आहेस ते. नवीन काहीतरी निवड आणि रेसिप्या हलव. मी तीन नावं पाठवते. आणि प्लीज, सगळ्याला हो-हो करत सुटू नकोस, वाचत जा.”

मी माणसांची वजनं आणि दोरांची जाडी वाचून पोट भरलेला माणूस. मला म्हणते वाचत जा.

तिन्ही ॲपं मी रीतसर तपासली, नव्या लिफ्टसारखी. पहिल्याने नाव विचारलं आणि लगेच ध्येय विचारलं. वजन कमी करायचंय, स्नायू कमवायचेत, की ताजंतवानं वाटून घ्यायचंय. माझं खरं ध्येय त्या यादीत नव्हतं. दुसरं दिसायला फार सुंदर. प्रत्येक ताटलीवर कोथिंबिरीची काडी. त्याने विचारलं, तुम्ही काय खाता. मी म्हटलं, बाबा रे, आज की उद्या? आमच्याकडे नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपास चालू झालेला, मांस-दूध-लोणी बंद. बुधवार-शुक्रवार तेलसुद्धा नाही, बाकीच्या दिवशी तेल चालतं, शनिवार-रविवार मासा, आणि संत निकोला शुक्रवारी आला तरी त्या दिवशी मासाच. त्याच्याकडे होतं फक्त शाकाहारी, शुद्ध शाकाहारी, आणि मासे खाणारे शाकाहारी, आणि त्या मासे खाणाऱ्यांना ते लोण्यात तळायला सांगत होतं. तरी मी पाककृती त्यात ओतून पाहिल्या. सगळ्या गेल्या. एकशे बासष्टच्या एकशे बासष्ट. पण वाचायला लागलो तर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. घरातलं एखादं कपाट कुणी हलवलं तर वाटतं तसं. उसळ तीच, घेवडा तेवढाच, आणि तरी ती तिची नव्हती. अर्धा तास लागला कळायला. तळटिपा गळाल्या होत्या.

जुन्या ॲपमध्ये प्रत्येक पाककृतीखाली एक कोरी जागा होती. लोक तिथे कायकाय लिहीत असतील कोण जाणे, दोब्रिला तिथे स्वतःशी बोलायची. हे मला मार्चपर्यंत ठाऊक नव्हतं. यादीत दुधावर रेघा मारणाऱ्याला तिथपर्यंत जायचं कारणच पडत नाही. माशाच्या सुपाखाली लिहिलेलं, ‘तीनला मीठ बघ, तेव्हाच व्लास्ता येतो आणि मी विसरते.’ भाजलेल्या कार्प माशाखाली, ‘जिवंत घे. डोळे बघ. रातोला पाठवलंस तर मेलेला आणेल.’ घेवड्याखाली, ‘वरच्या पेर्साबाईंचा चांगला होतो, मान्य करायला हवं.’ वांग्याच्या चटणीखाली नुसतंच, ‘पाठ.’ म्हणजे पाठ दुखली, की पाठ करायची, ते समजत नाही. मार्चनंतर कितीतरी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहून त्या वाचल्या. पोटाला भूक असायचीच, पण वाचायचो ते त्यासाठी नाही. सत्तावीस वर्षं ती माझ्या शेजारच्या खोलीत हे सगळं बोलत होती, आणि मी बाहेर पाहुण्यांमध्ये यजमान म्हणून उभा होतो.

कारण स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. रीत आहे. काळा सूट घालून, हातात पेला घेऊन तो दिवसभर उभा, पाहुण्यांच्या दिमतीला, आणि रात्री पाहुणे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, “शाबास रे रातोमिर, दिवसभर टेकला नाहीस.” माझ्या पायांचं फार कौतुक झालेलं आहे. दोब्रिलाही बसायची नाही, पण तिच्या न बसण्याला रीत म्हणत नसत, त्यामुळे ते कुणाला दिसायचं नाही. घरात स्लावाचे सत्तावीस वर्षांचे फोटो आहेत. मी पुन्हा सगळे काढून पाहिले. एकाही फोटोत ती नाही. कडेने एक तबक आत येताना दिसतं, तबकाखाली तिचं मनगट, मनगटावर घड्याळ. सगळ्यांत जुन्या फोटोतलं मनगट बारीक आहे. स्लावाला तिला जेवताना मी कधी पाहिलं का, असं मी स्वतःला विचारलं. ओट्याशी उभं राहून, भांड्यातूनच, काट्याने खरवडलेलं काहीतरी तोंडात टाकताना, एवढंच आठवतं. तेही बहुधा इतर कुठल्या तरी दिवसाचं.

तर तिसरं ॲप. ते रंगाने मळकं होतं, अक्षरं बारीक होती, पण तळटिपा जशाच्या तशा घेऊन आलं. ‘पाठ’सुद्धा. मी तिथल्या तिथे ठरवलं, हेच. इस्क्राने विचारलं की का, तेव्हा मी म्हटलं, वापरायला सोपं आहे. मग त्याने विचारलं, ‘घरात माणसं किती?’ प्रश्न साधा होता. प्रत्येक लिफ्टमध्ये मी तो लिहिलेला बघतो, चार माणसं, तीनशे वीस किलो, आणि त्यात कधी कुणाचा गोंधळ होत नाही. मी मात्र फोन टेबलावर ठेवला, उठून पाणी प्यायलो, परत आलो. जुन्यात तीन होती. दोब्रिला, रातोमिर, इस्क्रा, या क्रमाने. मी तीन ठेवली. मग ते म्हणालं, ‘सगळं आणायचं का? पाककृती, याद्या, दिनदर्शिका, माणसं.’ मला वाटलं आता कुठे ओळखलंस. सगळंच तर आणायचं होतं. मी हो म्हटलं. आणि दिनदर्शिकेत दोब्रिलाने कधीकाळी ‘१९ डिसेंबर, स्लावा, दरवर्षी’ असं घालून ठेवलेलं होतं, ते त्या शहाण्याने उचललं, माझ्या नावाने त्याचं बोलावणं केलं, आणि घरातल्या माणसांना धाडून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

लिफ्टच्या डोक्यावरूनच मी इस्क्राला फोन लावला. मंगळवार होता, कुणाचाच वार नव्हता.

“मलाही आलंय, बाबा. मी हो दाबलं. मला वाटलं तू गंमत करतोयस.”

“आईला आलंय.”

ती म्हणाली, “अरे देवा. तू वाचलं नाहीस ना?”

“काय करू?”

“फोन कर, सांग चुकून गेलं.”

“चुकून गेलं म्हणजे काय? येऊ नकोस?”

“मग सांग, ये.”

“ते तर बोलावणंच झालं.”

“बाबा, तुम्ही दोघं ना,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगायचं तर मार्चपासून मी एकाच गोष्टीच्या आशेवर होतो. नाताळाच्या नाही, वाढदिवसाच्या नाही; तसल्या दिवशी काय करायचं हे माणसाला स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. पण स्लावा आपोआप होते. एकोणीस तारखेला दार लोटलेलं असेल आणि संध्याकाळी कधीतरी, कुणीही काही न म्हणता, ती आत येईल. लोक येतात तशी. त्यासाठी मला काही बोलावं लागणार नव्हतं, आणि बोलण्यात मी कसा आहे ते ‘मग जरा पड जाऊन’वरून कळलंच असेल. तेवढी एकच वाट उरली होती आणि ती मी स्वतःच्या अंगठ्याने बुजवली. ‘मला बोलावणं?’ हे दोन शब्द मी दिवसभर वेगवेगळ्या आवाजांत वाचून पाहिले. रागाने वाचले, हसून वाचले. तिच्या दमलेल्या आवाजात ते सगळ्यांत चांगले बसत होते.

संध्याकाळी व्लास्ताकडे गेलो. व्लास्ता आमचा कुम, आणि मी त्याचा. म्हणजे आमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आणि इस्क्राचं नाव ठेवलेला माणूस, भावापेक्षा जवळचा आणि भावाइतकाच त्रासदायक. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त होऊन सगळ्यांना सगळंच शिकवतो. ऐकून तो इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

“कुम, पाहुणा म्हणजे तुझी लिफ्ट वाटली का? बटण दाबलं की आला?”

“हसून झालं की सांग.”

“सांगतो. पण आधी मला एक सांग, ती स्लावाला येते असं कधी झालंय का? मी येतो. पेर्साबाई वरच्या मजल्यावरून येतात. दोब्रिला कधी आली? ती घरातच होती. जो एकदा आला तो दरवर्षी येतो, बरोबर? ती एकदाही आलेली नाही.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पेला खाली ठेवला.

“म्हणजे तिला यायचा हक्क नाही?”

“मी कुठे म्हटलं तसं? नवीन माणूस पहिल्यांदा कसा येतो? कुणीतरी सहज कानावर घालतं, आमची स्लावा निकोलाची बरं का. इतकं चालतं.”

“ती नवीन नाही.”

“नाहीच. तीच तर पंचाईत आहे,” व्लास्ता म्हणाला. आता तो हसत नव्हता. “तुझ्या बापाला विचारायला हवं होतं. पण त्याच्या वेळी बायका जात नसत.”

दोन दिवस फोनने मला सुखाने जगू दिलं नाही. ‘दोब्रिला यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. आठवण करायची?’ बुधवारी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ‘अचूक प्रमाणासाठी पाहुण्यांची संख्या सांगा.’ गुरुवारी मी बाजारात गेलो. कोशावा वारा सुटला होता, नाक-कान झोंबत होते, मासेवालीच्या पत्र्याच्या टाकीत कार्प एकमेकांच्या अंगावरून सरपटत होते. मी वाकून एकेकाचे डोळे बघत होतो. सूचना होती तशी. लालभडक हातांची ती बाई माझी गंमत बघत उभी होती.

“निकोला?”

“निकोला.”

“माणसं किती?”

“माहीत नाही.”

“निकोलाला ते कुणाला माहीत असतं,” ती म्हणाली आणि पुढे काही न विचारता तिने दोन मोठे उचलले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिसरा एक मध्यम टाकला.

मला तिथेच, टाकीच्या कडेला, सगळं उमगलं. ज्या बाईने मला जन्मात पाहिलं नव्हतं तिला जे सांगावं लागलं नाही, ते दोब्रिलाला समजावून सांगावं लागणार नव्हतं. मी हातमोजा दातांनी ओढला आणि फोन काढला. बोलावण्याच्या खाली अगदी तळाशी, बारीक अक्षरात होतं, ‘बोलावणं मागे घ्या’. दाबलं. त्याने घाबरून विचारलं, ‘नक्की? पाहुण्याला तसं कळवलं जाईल.’ जगात दुसऱ्या कुठल्या मुलखात याचा अर्थ असा होत असेल की येऊ नकोस, तुझी गरज नाही; आमच्यात मात्र असा, की तू परकी नाहीस, तुला बोलवावं लागत नाही. मी म्हटलं, नक्की. बोट गारठलं होतं, दोनदा दाबावं लागलं. पण हेही खरं होतं की ती आता या मुलखातली राहिली आहे की नाही, या घराच्या रीतींशी तिला काही घेणंदेणं आहे की नाही, हे मला मार्चपासून ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत पिशवीतला मासा माझ्या पोटरीवर शेपूट आपटत होता.

इस्क्रा दुपारी आली ती दारातूनच बोलत. “बाबा, आईला निरोप आलाय, रातोमिर यांनी बोलावणं मागे घेतलं आहे. असं कुणी करतं का?”

“काय म्हणाली?”

“काही नाही. हसली.”

“कशी हसली?”

“हसली म्हणजे हसली. मग विचारलं, तुझ्या बाबाने कार्प जिवंत आणला का.”

मी न्हाणीघराचं दार उघडून तिला टब दाखवला. ती टबाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ त्या तिघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणलास की.”

त्या दिवशी झितो मी केलं. स्लावाचा गव्हाचा प्रसाद, आल्या आल्या प्रत्येक पाहुण्याने आधी तो एक चमचा खायचा, मग बाकी सगळं. गहू शिजवला, फडक्यावर पसरून सुकवला, साखर-अक्रोड घालून दळला. इस्क्राने फोन धरून वाचून दाखवलं, तिच्या आईची तळटीप तिच्या आईच्याच आवाजाच्या जवळ जाणाऱ्या आवाजात. “अक्रोड दोनदा दळ, एकदा नाही. जायफळ अंदाजे, अगदी थोडं, रा.ला फार आवडत नाही.” मी किसणी हातात घेऊन थांबलो. मला जायफळ आवडत नाही असं मी कधी म्हणालो होतो ते काही केल्या आठवेना. म्हणालो असेन. पहिल्या-दुसऱ्या वर्षी, येता-जाता, तोंडात दुसरंच काहीतरी असताना. मी किसणीवर दोनदा ओढलं आणि जायफळ डब्यात परत ठेवलं.

एकोणीस तारखेला सकाळी मेणबत्ती लावली, पेर्साबाईंनी भाजून आणलेला स्लावाचा पाव कापला, त्यावर वाइन ओतली, सूट घातला आणि उभा राहिलो. बरोबर तीनला बेल वाजली, व्लास्ता. त्याचा कोट इस्क्राच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात पळालो आणि सुपाचं मीठ बघितलं. कमी होतं. मग माणसं येत राहिली, दरवर्षीची, प्रत्येकाच्या हातात एक बाटली नाहीतर कॉफीचं पाकीट, दार लोटलेलंच असल्याने सरळ आत. एकानेही तिचं नाव काढलं नाही. इतकी सांभाळून बोलत होती सगळी की खोलीत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पाच वाजले. साडेपाच. व्लास्ता अधूनमधून माझ्याकडे बघून नजर काढून घ्यायचा. सहा वाजले आणि गेले. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे पाहुण्यांना वाटावं की यजमानाला उकडतंय. खाली रस्त्यावर कोशावा कागद उडवत होता. ती यावी असं मला इतकं वाटत होतं की त्याची लाज वाटली, मेणबत्तीसमोर, भरल्या घरात, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

सहा वाजून वीस मिनिटांनी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. ती लिफ्ट मी ओळखतो, थांबताना किंचित खाली बसते. पावलं दारापर्यंत आली. दार लोटलेलं होतं, तरी बेल वाजली. सत्तावीस वर्षं जिच्या पर्समध्ये या दाराची किल्ली होती ती बाहेर उभी राहून बेल वाजवत होती.

दोब्रिला गडद हिरव्या कोटात होती. हा कोट मी पाहिलेला नव्हता. एका हातात कागदात गुंडाळलेली बाटली, दुसऱ्यात कॉफीचं पाकीट. “स्लावा सुखाची होवो, यजमान,” ती म्हणाली.

तबक माझ्या हातात होतं. झितो, चमचे, आणि वापरलेले चमचे ठेवायला पाण्याचा पेला. मी ते तिच्यासमोर धरलं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, एक चमचा घेतला, सावकाश खाल्ला, डोळे मिटून, आणि चमचा पेल्यात ठेवला. “ये,” मी म्हणालो. एवढं म्हणायला परवानगी असते.

ती पेर्साबाई आणि व्लास्ताच्या मधे बसली. इस्क्रा सवयीने स्वयंपाकघराकडे निघाली, तिला मी खांद्याला धरून आईसमोर बसवलं आणि सूप स्वतः आणलं. दोब्रिला गरम सूप प्यायली. फुंकर घालत, ब्रेडचा तुकडा बुडवत, पेर्साबाईंशी त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलत. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो. मधेच आतून तव्यावरच्या माशाचं तेल तडतडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे खांदे बोटभर वर उचलले गेले, टाचा जमिनीवरून सुटल्या. ऊठ, असं मी मनात म्हणालो. ऊठ, आत जा, झाकण ठेव, मला एक शिवी घाल. तिने टाचा परत टेकल्या आणि ब्रेड उचलला. मी आत गेलो आणि झाकण ठेवलं.

जेवण झालं. तिने काटा-चमचा ताटलीत आडवा ठेवला, ताटली तिथेच टेबलावर राहू दिली, पाहुणे ठेवतात तशी, आणि कॉफी घेतली. साडेसात-पावणेआठला ती उठली. पहिल्यांदा आलेला पाहुणा फार वेळ बसत नाही. दाराशी मी तिला कोट घालायला धरला. तिच्या केसांना आमच्या घराचा वास नव्हता, साबण दुसरा होता.

“मीठ तीनला बघितलंस ना?” ती म्हणाली.

“बघितलं. कमी होतं.”

“असतंच.” तिने बटणं लावली, वरचं लावायला वेळ घेतला. “झितो छान झालंय, रातो.”

“तुझंच आहे ते. जसंच्या तसं केलंय.”

“हो, कळलं मला.” तिने लिफ्टचं बटण दाबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढच्या वर्षी जायफळ जरा जास्त घाल. मला आवडतं.”

लिफ्ट आली, किंचित खाली बसली, तिला घेऊन गेली. मी आवाजावरून मजले मोजत राहिलो, तळापर्यंत. मग आत आलो. आतून व्लास्ता ओरडत होता की यजमान कुठे हरवला. त्याला म्हटलं आलो, आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोन काढला. ‘घरात माणसं किती?’ मध्ये जाऊन तीनचं एक केलं. त्याने विचारलं, काढलेल्या माणसांना कळवायचं का. मी नाही म्हटलं. मग झितोची पाककृती उघडली, खाली तिच्या तळटिपेपर्यंत गेलो, आणि त्याखाली एका बोटाने टोचून टोचून लिहिलं, ‘जायफळ जास्त. दो.ला आवडतं.’